छत्रीच्या कापडाची पिशवी

पुस्तकाला दुधाचा वास येतो असं मी म्हटलं, की बारामतीतले माझे आताचे सहकारी हसतात. त्यांचा काही दोष नाही. आम्ही बसतो तिथं पुस्तकं पडद्यावर उघडतात आणि वास येतो तो फक्त नव्या फर्निचरचा. पण मी हे काम जिथं शिकले त्या वाचनालयात सकाळी परत आलेलं पुस्तक उघडलं, की पहिल्यांदा दुधाचा वास यायचा, मग गोठ्याचा आणि सगळ्यांत शेवटी कागदाचा.

ते वाचनालय सणसरच्या बाजूला, कालव्याच्या काठच्या एका गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांनी मला तशी परवानगी दिलेली नाही. एक खोली, मागं एक अडगळीची, पाच कपाटं, वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल आणि मी, एवढाच पसारा. चहूबाजूंनी ऊस. वस्त्या त्या उसात लपलेल्या. माणूस वस्तीवरून गावात येतो तो एकतर कारखान्याच्या कामानं, नाहीतर डेअरीवर दूध घालायला. आणि दूध घालायला येतो तो पुरुष.

बाहेरच्या माणसाला ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तकावर शिक्का मारणं वाटतं. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, पाठीवर चिठ्ठी डकवायची, कपाटात लावायचं. हे कुणालाही आठवड्यात जमतं. खरं काम त्यानंतरचं: कुणाला काय द्यायचं हे ओळखायचं, आणि कोण काय वाचतं हे कुणालाही सांगायचं नाही. दुसरी गोष्ट कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी ती माझ्या वडिलांकडून शिकले. आमचं गाव कऱ्हाटी, म्हणजे बारामती तालुक्याची कोरडी बाजू. वडील पाण्यासाठी पत्रकं काढायचे. गुलाबी कागदाच्या घड्या घालतच मी अक्षर ओळखायला लागले. पत्रक वाटताना ते म्हणायचे, "द्यायचं आन् पुढं जायचं. वाचतो का न्हाय हे वळून बघायचं न्हाय. वाचणाऱ्याला लाज वाटंल असं उभं राहायचं न्हाय."

तर डेअरी. आमच्या वाचनालयाचं निम्मं काम तिथं चालायचं. ही पद्धत कुणी ठरवून काढली नव्हती. एकदा एका वस्तीवरच्या सुनेनं मुदत संपलेलं पुस्तक दुधाच्या किटलीबरोबर पाठवून दिलं. डेअरीवर दूध तपासणारे बबनराव ते माझ्याकडं घेऊन आले आणि म्हणाले, "ह्याचं फॅट लागंना, तुमीच बघा." मी त्याच पिशवीत दुसरं पुस्तक घालून दिलं. पुढच्या महिन्यात तीन पिशव्या आल्या, मग वाढतच गेल्या. शेवटी मी रोज सकाळी वाचनालय उघडण्याआधी डेअरीवर जायला लागले. किटल्या रिकाम्या होईपर्यंत पिशव्या भरायच्या आणि ज्या मोटारसायकलच्या हॅंडलवरची पिशवी त्याच हॅंडलला अडकवायची.

मला त्या बायकांचे चेहरे माहीत नव्हते. पिशव्या माहीत होत्या. फुलाफुलांच्या परकराची एक, खताच्या गोणीची एक, लग्नातल्या पत्रावळींसारखी हिरवीगार एक. आणि एक काळी, मोडक्या छत्रीच्या कापडाची, नेटक्या दुहेरी टिपेची. दूध सांडलं तरी आतल्या पुस्तकाला थेंब लागत नसे. ती मालनची. तिच्या पसंती-नापसंतीचे निरोप बबनरावांच्या बायकोकडून बबनरावांकडं यायचे, कारण त्या दोघींच्या वस्त्या बांधाला बांध लागून. बबनराव यंत्रात दुधाचा नमुना धरून माझ्याकडं न बघता सांगायचे,

"काळी पिशवी म्हणती, पातळ हाय. पाणी घातलंय लेखकानं."

किंवा, "ह्ये चांगलं म्हशीचं निघालं म्हणं. असलंच अजून द्या."

मोठमोठ्या समीक्षकांना जे चार पानांत जमत नाही ते मालन एका फॅटमध्ये सांगायची.

आता गंमत अशी, की ती काळी पिशवी ज्या मोटारसायकलवर यायची ती तिच्या सासऱ्यांची, आबांची. आबा आमचे सगळ्यांत जुने वाचक. दूध घालून झालं की ते थेट वाचनालयात यायचे आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. कुणी म्हटलं, "आबा, मनात वाचा की," तर म्हणायचे, "मनात वाचायला काय चोरी केलीया?" स्वतःच्या हॅंडलला रोज लटकणाऱ्या पिशवीत काय असतं, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नातवाच्या शाळेचं काहीतरी असेल, अशी त्यांची समजूत. सुनेनं खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ते माझ्यासमोर बसून गावाला जगाच्या बातम्या ऐकवायचे आणि मी त्यांच्या सुनेसाठी कादंबरी निवडायची. त्या सकाळी मला फार आवडायच्या. अजूनही डेअरीच्या वेळेला जाग येते.

मग ई-पुस्तकं आली.

मी त्यांच्या विरोधात नव्हते आणि नाही, हे आधी सांगते. आमचे एक निवृत्त गुरुजी मोतीबिंदूनं वाचन सोडून बसले होते. पडद्यावर अक्षर भाकरीएवढं करता येतं हे कळल्यावर दिवसभर उठेनात. स्पर्धा परीक्षेची पोरं तर खूश होती. पण आमच्या कार्यकारी मंडळानं काम उरकलं ते खास आमच्या पद्धतीनं. सभासदांचे मोबाईल नंबर हवे होते. वस्त्यांवर फिरणार कोण? अध्यक्ष म्हणाले, "डेअरीकडं प्रत्येक घराचा नंबर हाय. त्योच घ्या. घर त्येच, सभासद त्येच." दुधाचं बिल ज्या फोनवर कळतं त्या फोनवर आता पुस्तकं जाणार. मी बैठकीत म्हणाले, "दूध घालणारा एक आणि वाचणारी दुसरी असते." अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, घरात काय भिंती हायत व्हय?" त्याच बैठकीत पिशव्या बंद करायचं ठरलं. पुस्तकं खराब होतात, आणि ई-वाचनालय झालेल्या गावाला किटलीबरोबर पुस्तक पाठवणं शोभत नाही, म्हणून.

त्या वेळी मालनकडं दोन भागांच्या एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग होता. एका नर्सची गोष्ट. भाऊ तिच्या वाट्याची जमीन लिहून घेतो आणि ती घर सोडून शहरातल्या दवाखान्यात नोकरी धरते, इथं पहिला भाग संपतो. बबनरावांनी निरोप आणला होता: "काळी पिशवी म्हणती, दुसरा भाग लगेच द्या. सायीवर थांबवू नका." मी दुसरा भाग काढून टेबलाच्या कप्प्यात ठेवला होता. सकाळी गेले तर काळी पिशवी आली, पहिला भाग परत आला, आणि डेअरीच्या दारावर सूचना लागलेली होती की यापुढे पुस्तकांची ने-आण बंद. अध्यक्ष स्वतः उभे होते. पिशवी रिकामी परत गेली.

चारच दिवसांनी आबा वर्तमानपत्राला हात न लावता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. फोन टेबलावर ठेवला.

"वाच ह्ये."

मी वाचलं. पिशवीतली पुस्तकं मी घराच्या, म्हणजे आबांच्या नावच्या कार्डावर नोंदवत असे; ती जुनी नोंद बघून त्या यंत्रणेनं आपण होऊन निरोप धाडला होता: तुमच्या आवडीच्या कादंबरीचा दुसरा भाग उपलब्ध आहे.

"माझ्या आवडीची कादंबरी," आबा म्हणाले. खोलीतली सगळी माना वर करून बघत होती. "नर्सबाईची. मला कवा आवडली ही?"

"आबा, ती यंत्रणा..."

"मग पहिला भाग कुणी वाचला?"

मी गप्प बसले. गप्प बसणं हेच त्या वेळी माझं काम होतं. आबांनी फोन खिशात घातला आणि ते म्हणाले, "पिशवी!" एवढंच. स्वतःशीच म्हणाले. मग निघून गेले. त्या दिवशी वर्तमानपत्र कुणीच मोठ्यानं वाचलं नाही, आणि खोली इतकी शांत झाली की मला बसवेना.

मला राग यायला लागला तो तिथून. वाचनालयानं जे कधीच कुणाला सांगायचं नसतं ते एका निरोपानं सांगून टाकलं होतं, तेही कुठल्या माणसानं तोंडसुद्धा न उघडता.

मी दुसरा भाग घेऊन वस्तीवर गेले. सांगायला कारण होतं, ई-पुस्तक कसं उघडायचं ते दाखवायला आले म्हणून. मालन म्हशीला पेंड घालत होती. मी धरून चालले होते तशी ती मुळीच नव्हती. ठेंगणी, बोलकी, हातात सतत काहीतरी काम. पडवीत भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो होता. "सासूबाई," ती म्हणाली. "बारामतीच्या दवाखान्यात गेल्या. आबा तवापास्नं घरात बोलत न्हाईत. तुमच्याकडंच काय त्ये बोलून येत्यात."

"आबा काही बोलले का? पुस्तकावरून?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं बघत्यात. नणंदा फोन करून हसत्यात. काय वहिनी, नर्स व्हायचंय का म्हणं."

मी पुस्तक पुढं केलं. तिनं हात पदराला पुसले, मुखपृष्ठ बघितलं आणि पुस्तक परत माझ्याकडं सरकवलं.

"असं नगं ताई."

"का? फोनवर आबांच्या खिशात आहे, त्यापेक्षा हे..."

"फोनमधलं आबांचं. ह्ये तुमी नियम मोडून आणलेलं, म्हंजे तुमचं. माझी पिशवी व्हती. किटलीसंगं जायची, किटलीसंगं यायची, कुणी मला काय दिलं असं व्हत न्हवतं." ती पुन्हा पेंडीच्या घमेल्याकडं वळली. "आन् मला एकटीला कशापाय? परकरवाली बी हाय, गोणीवाली बी हाय. सगळ्यांच्या सुरू करा. मग माझी येतीच की."

मी पत्रकांवर वाढलेली बाई. मला तिनं माझाच धडा शिकवून पाठवलं.

मग मी जे येतं ते केलं. पत्रक काढलं. गुलाबी कागदावर. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फोन घराचा असतो, पुस्तक एकाचं असतं. खाली पिशव्या सुरू करण्याची मागणी. नाव कुणाचंच नाही. बबनराव म्हणाले, "माझी नोकरी घालवता का काय मॅडम," आणि प्रत्येक परतीच्या किटलीच्या झाकणाखाली एकेक पत्रक सरकवलं. बायकांपर्यंत ते पोचलं. पण मंडळात बायका नव्हत्या. अध्यक्षांनी मला बोलावलं.

"मॅडम, पिशव्यांनी किती पुस्तकं जायची? आता घराघरात आख्खं कपाट गेलंय."

"घरात गेलं. खिशात गेलं. हातात कुणाच्या गेलं ते सांगा."

"तुमच्या वडलांसारखंच बोलता."

त्यांना वाटलं टोमणा मारला. माझी मान मात्र ताठ झाली. पण पिशव्या सुरू झाल्या नाहीत. उलट कपाटं बांधून मागच्या खोलीत ठेवायचं आणि पुढची खोली अभ्यासिकेला द्यायचं ठरलं.

पुढचं मला बबनरावांच्या बायकोकडून कळलं. तिच्या अंगणातून मालनचा गोठा दिसतो आणि आबांचा आवाज तर दोन बांध ओलांडून ऐकू येतो. एके दिवशी संध्याकाळच्या धारेच्या वेळी आबांनी खाट बाहेर ओढली, फोन नाकापुढं धरला आणि वाचायला सुरुवात केली. हे काय पुस्तक आहे ते एकदा बघूच, अशा तयारीनं. दुसऱ्या भागापासून. मोठ्यानं, अर्थात. तासाभरात अडले.

"ही बाई भावाचं नाव निघालं की गप का बसती?" त्यांनी हवेला विचारलं.

म्हशीच्या मागून उत्तर आलं, "त्यानं तिच्याकडनं जमीन लिहून घेतलीया."

धारेचा आवाज थांबला. मग आबा म्हणाले, "मग तू मला आधीपास्नं सांग."

आणि तिनं सांगितलं. धार काढता काढता पहिला भाग सगळा. दुसऱ्या दिवसापासून आबा वाचायला लागले आणि ती ऐकायला लागली. ज्या घरात सासूच्या मागं शब्द उमटत नव्हता तिथं रोज संध्याकाळी कादंबरी सुरू झाली. हे ऐकून मी ई-पुस्तकाला मनातल्या मनात हात जोडले. खोटं कशाला बोलू?

पण आठवड्यानं, सवयीनं मी डेअरीवर गेले तेव्हा, बबनराव यंत्रावर वाकून म्हणाले, "काळ्या पिशवीचा निरोप हाय. आबा मधी मधी साय काढून घेत्यात."

"म्हणजे?"

"पानं गाळत्यात. वाचता वाचता एकदम पुढंच जात्यात. तिला कळतंय. काय गाळलं त्ये तिला वाचायचं हाय."

आम्ही दोघं हसलो. जुनी माणसं, नको ते काही आलं असेल, सुनेपुढं कसं वाचणार, असं आम्ही समजलो. त्याच वेळी मागून मोटारसायकल येऊन थांबली. आबा उतरले. हॅंडलवरची काळी पिशवी स्वतःच्या हातानं काढली आणि माझ्यापुढं धरली. रिकामी.

"दुसरा भाग घाल ह्यात. कागदाचा."

"आबा, पिशव्या बंद आहेत."

"ही माझी पिशवी हाय. मी सभासद हाय. न्हाय का?"

"आहात."

"मग घाल."

मी वाचनालयात जाऊन कप्प्यातलं पुस्तक आणलं. ते ठेवताना विचारलं, "आबा, तुम्ही काय गाळता?" त्यांनी पिशवी हॅंडलला अडकवली, नीट बसली का ते दोनदा बघितलं आणि निघून गेले.

कपाटं बांधायच्या दिवशी पुस्तकं मोजली तेव्हा दुसरा भाग नव्हता. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठं हाय?"

"वाचकाकडं."

"कोण वाचक?"

"ते मी सांगणार नाही."

"मॅडम, नोंद न्हाय, परवानगी न्हाय. मंडळाला सांगायला लागंल की न्हाय?"

"पुस्तक परत येईल, ते मी सांगते. नाव सांगणार नाही."

लांब टेबलाशी आबा निधनवार्ता वाचत होते. ते थांबले. उठले.

"माझ्याकडं हाय."

अध्यक्ष आधी गोंधळले, मग हसले. "आबा, तुमी आन् नर्सबाईची कादंबरी? वाचून रडता का काय?"

"रडतो," आबा म्हणाले. ज्या आवाजात ते साखरेचे भाव वाचायचे त्याच आवाजात. "दवाखान्याची पानं आली की रडू येतं. सुनंपुढं कसं रडायचं म्हणून ती सोडून देत व्हतो. आता तिची ती वाचती."

अध्यक्षांनी टेबलावरची सुतळी उचलली, परत ठेवली. आबा बसले आणि पुढची निधनवार्ता वाचायला लागले.

इथं सगळं पालटलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. कपाटं मागच्या खोलीत गेली. अभ्यासिकेला एक राखणदार पुरे होता, त्यामुळं माझी गरज उरली नाही, आणि मी बारामतीला या ई-ग्रंथालयात आले. इथं कोण किती मिनिटं वाचतं हे मला पडद्यावर दिसतं. मी तो पडदा उघडत नाही. वाचणारी पोरं चांगली आहेत, पण त्यांच्या वाचनाला कुठलाच वास नाही. कुणी मला सांगत नाही की लेखकानं पाणी घातलंय. सकाळी रस्त्यावरून किटल्या गेल्या की मी अजून हॅंडलं बघते.

गेल्या महिन्यात बबनराव फॅटचं यंत्र दुरुस्तीला घेऊन बारामतीत आले. ते यंत्र माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी काखेतून काळी पिशवी काढली.

"ह्ये परत करायचं व्हतं. तिकडं घ्यायला कोण न्हाय."

आत दुसरा भाग होता. मी नाकाला लावला. दूध, गोठा, कागद. दवाखान्याच्या पानांवर मी बोट फिरवलं. कडा मऊ पडल्या होत्या. ती पानं पुन्हा पुन्हा उघडली गेली होती, एकाच्या हातानं की दोघांच्या, ते कळायला मार्ग नाही आणि मी विचारणारही नाही.

"निरोप?"

"म्हशीचं, म्हणली. निरसं."

मी पिशवी परत द्यायला घडी घालू लागले तर ती घडी होईना. आत अजून काहीतरी होतं. हात घातला. फुलाफुलांच्या परकराची एक पिशवी निघाली. तिच्या आत खताच्या गोणीची. दोन्ही रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या.

बबनराव यंत्राची वायर गुंडाळत होते. "घाई न्हाय मॅडम," ते म्हणाले. "यंत्राला दोन तास लागत्यात."

माझं घर तिथून जवळ आहे. घरी माझं स्वतःचं एक कपाट आहे, वडिलांनी दिलेलं. तीन पुस्तकं निवडायला दोन तास मला कमी पडले.